चार शब्दांचा श्वास

फलाट क्रमांक सहाच्या गाडीची घोषणा मध्येच थांबली, एवढंच काय ते झालं. तो लाउडस्पीकरच्या खालच्या बाकावर बसला होता, हाताला लागलेलं ग्रीस चिंधीला पुसत. शेजारच्या इमारतीतल्या लिफ्टचं काम लवकर आटपलं होतं, म्हणून बायकोची पाळी संपेपर्यंत थांबायचं आणि दोघांनी मिळून घरी जायचं ठरलं होतं. बसस्थानकात ती सव्वीस वर्षं घोषणा करत होती. सगळे तिला घोषणाबाई म्हणत, आणि घोषणाबाईंची ख्याती अशी की सहा नंबरच्या गाडीचे सातही थांबे त्या एका दमात म्हणायच्या. फलाट, वेळ, सात नावं, आणि वर ‘प्रवाशांनी आपले सामान सांभाळावे’. लग्नाआधी तो मुद्दाम ते ऐकायला यायचा आणि पहिल्या शब्दाबरोबर आपला श्वास रोखून धरायचा. पाचव्या थांब्यापर्यंत त्याचा जीव कासावीस व्हायचा आणि ती मात्र सामान सांभाळायला सांगून मोकळी. त्या दिवशी चौथ्या नावानंतर आवाज थांबला. लाउडस्पीकर बंद नव्हता झाला, त्याची घरघर चालूच होती. फलाटावरच्या माणसांनी माना वर केल्या. एका बॅगवाल्या माणसाने तर त्याच्याकडेच पाहिलं, जणू यानेच काहीतरी बिघडवून ठेवलंय. मग तिने उरलेली तीन नावं म्हटली, दुसऱ्याच कोणाची सामानाची यादी वाचून दाखवावी तशी, सुटी सुटी. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “कागद उलटा लागला होता.” सव्वीस वर्षांत तिने कागद हातात धरलेला त्याने कधी पाहिला नव्हता. पण कागदावर विश्वास ठेवणं त्या संध्याकाळी सोयीचं होतं, म्हणून त्याने ठेवला.

आता त्या संध्याकाळपाशी येऊन तो पुन्हापुन्हा थांबतो. त्याच्या धंद्यात तसंच करतात. लिफ्ट अडकली की आधी विचारायचं, शेवटची नीट कधी चालली, आणि तिथून एकेक पायरी पुढे यायचं. पस्तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. लोकांना वर नेलं, खाली आणलं, दोन मजल्यांच्या मध्ये घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या बायकांना हात देऊन बाहेर काढलं. आणि स्वतः राहायचा चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. बायको ओळखीपाळखीच्यांना हसून सांगायची, “आमच्याकडे लिफ्ट नाही, लिफ्टवाला आहे.” त्या संध्याकाळनंतर कधीतरी ती दुसऱ्या मजल्यावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायला लागली. किल्ली लागते चौथ्या मजल्यावर, शोधायला लागायची दुसऱ्यावर. किल्ली तर त्याच्या खिशात असायची. तो दोन पायऱ्या वर उभा राहून वाट बघायचा आणि ती रुमाल, पास, चष्म्याचं घर असं सगळं वरखाली करायची. तिचे खांदे वरखाली होत असायचे ते त्याला दिसायचे. दिसायचे, आणि तो जिन्याच्या भिंतीवरचे पोपडे बघत बसायचा. किल्ली माझ्याकडे आहे, हे त्याने एकदाही म्हटलं नाही.

वर गच्चीवर त्याची कबुतरं होती. बावन्न. एकोणिसाव्या वर्षापासून पाळत आलेला. ज्यांच्याकडे शिकला त्यांना सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांनी त्याला दाणा कधी टाकायचा, शिटी कशी वाजवायची, चोच उघडून आजार कसा ओळखायचा हे शिकवलं, आणि कबुतरांचं लाकडी घर, म्हणजे ढाबळ, बांधताना फळी कुठल्या बाजूला उतरती ठेवायची तेही. लग्न झाल्यावर बायको एकदाच वर आली, नाकाला पदर लावून सगळं पाहिलं आणि म्हणाली, “तुमची पहिली बायको नांदतेय वर. मी कशाला कडमडू?” त्यानंतर तिने गच्चीवर पाऊल टाकलं नाही. पण तिचा सगळा रुसवा तेवढ्यापुरताच. रोज संध्याकाळी तो कबुतरांचं सगळं करून खाली आला की ती त्याचा खाकी कोट उतरवून घ्यायची, मागच्या बाल्कनीत जायची आणि दोन सणसणीत झटके द्यायची. कबुतराच्या अंगावर एक पांढरी पूड असते, ती कोटाच्या शिवणीशिवणीत बसते. “गिरणीतून आलात का हो?” असं म्हणत ती खोकायची, मग कोट खुंटीला लावायची. अठ्ठावीस वर्षं. सुट्ट्या, आजारपणं धरूनसुद्धा निदान नऊ हजार संध्याकाळी भरतील. हा हिशोब त्याने पुढे मांडला आणि मांडल्यावर मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला, कारण रडू आलं होतं आणि घर एवढंसं होतं.

पहिलं वर्ष औषधांत गेलं. कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण, मग घरगुती काढे, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या. तिला आडवं झोपवेना. पाठीखाली दोन उशा, तिसरी तक्क्यासारखी, तरी ती बसून राहायची आणि त्याला म्हणायची, “तुम्ही झोपा, मी जरा टेकते.” टेकायला धड काही नव्हतं. कापसाच्या उशा दबून पोळीएवढ्या होत. त्या वर्षी पाखरांची पिसं झडण्याच्या हंगामात ढाबळीत गुडघाभर पिसं पडली होती. एरवी तो ती पोत्यात भरून फेकून द्यायचा. या वेळी त्याने बारीक मऊ पिसं निवडली, दोनदा उकळली, सुती फडक्यात बांधून आठवडाभर उन्हात वाळवली, आणि जाड कापडाची खोळ स्वतःच्या हाताने दुहेरी शिवणीने शिवली. लिफ्टची मोटर उचलायच्या पट्ट्याला घालतात तसे टाके. अशी टम्म उशी झाली की बायकोने दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी जुनं हसू आलं. “बापरे, हिला तर जीव आहे,” ती म्हणाली. त्या दिवसापासून तिची पाठ त्याच उशीला टेकलेली. रोज सकाळी तो ती दोन्ही हातांनी बडवून फुगवायचा आणि तिच्या पाठीशी नीट बसवून द्यायचा. एवढं एक काम आपल्याला जमतंय, याचं त्याला समाधान वाटायचं.

छातीच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीतल्या माणसाने चार पानी फॉर्म दिला. तिला धाप लागली होती, म्हणून भरायला तो बसला. धूम्रपान? नाही. कारखान्यातलं काम, रसायनं? नाही. घराच्या भिंतींना ओल? थोडी. मग खालचा प्रश्न आला: घरात किंवा घराच्या आवारात पक्षी आहेत का? पेन थांबलं. प्रश्न सरळ होता. ‘आवारात’ हा शब्द इतका ठळक होता की त्याच्यावरून घसरून जायला वाव नव्हता. त्याला वस्ताद आठवले. शेवटची दोन वर्षं वस्ताद खोकत होते, पायरी चढली की भिंतीला धरून उभे राहायचे, आणि कबुतरवाल्यांत त्याला नावही होतं, ढाबळीचा खोकला. हे सगळे जाणतात आणि सगळे मूग गिळून बसतात. तो स्वतः दर हिवाळ्यात आपली छाती तपासून यायचा, कोणाला न सांगता. काही निघायचं नाही. हातात पेन धरून त्याने विचार केला तो असा: खोकला लागतो तो पाळणाऱ्याला. मी दिवसातून दोनदा त्या ढाबळीत शिरतो, मला शिंकसुद्धा नाही. ही तर गच्चीवर जातही नाही. मग पक्ष्यांचा संबंध कुठे आला? उगाच ‘हो’ लिहिलं तर हे लोक बाकीचं सगळं सोडून पाखरांच्याच मागे लागतील, आणि खरा आजार राहील बाजूला. तिच्याच भल्यासाठी, असंही त्याने मनाशी म्हटलं. त्याने लिहिलं, ‘नाही’. आणि हात सवयीने पुढे सरकला, शब्दाखाली छोटीशी रेघ ओढून गेला. लिफ्टच्या मोटर रूममध्ये एक कार्ड टांगलेलं असतं, ब्रेक पाहिला, दोर पाहिले, दरवाजे पाहिले, आणि प्रत्येक नोंदीखाली तो अशी रेघ मारायचा, म्हणजे स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. पस्तीस वर्षांत त्या कार्डांवर एक रेघ खोटी नव्हती. शेजारी बसलेली बायको डोळे मिटून श्वास गोळा करत होती.

त्या एका शब्दाने चौदा महिने खाल्ले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चटपटीत, कामाला वाघ. त्यांनी फोटो काढले, रक्त तपासलं, फुफ्फुसात धूसर पांढरे डाग आहेत म्हणाल्या, आणि कारण शोधायला लागल्या. बारीक जाळ्यासारखे वण पडत चाललेत, कशाने ते कळत नाही. फॉर्म समोर होता आणि फॉर्मप्रमाणे त्या घरात पक्षी नव्हते. त्यांनी भिंतींची ओल काढायला सांगितली, त्याने घाईघाईने सगळं प्लास्टर खरवडून नवं केलं. इतक्या उत्साहाने केलं की बायको म्हणाली, “एवढं माझं लग्नात सुद्धा कौतुक नव्हतं.” गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला, हात बारीक झाले. घोषणा गेल्या. आधी तिला पासाच्या खिडकीत बसवलं, मग तेही झेपेना. स्थानकाच्या साहेबांनी तिच्या चांगल्या काळातल्या घोषणांची ध्वनिफीत कुठूनतरी शोधून काढली आणि तीच लावायला लागले. तो अजून कधीकधी कामावरून येताना त्या बाकावर जाऊन बसतो. सहा नंबरची गाडी लागते, आणि वरून ती सातही नावं एका दमात म्हणते, सामान सांभाळायला सांगते. घरी तिच्या एका श्वासात चार शब्द मावायचे. चारानंतर थांबा. तिने त्याप्रमाणे बोलणंही काटछाट करून घेतलं होतं, ‘अहो’ आणि ‘जरा’ हे शब्द आधी गेले. तिची थट्टा मात्र शेवटपर्यंत टिकली. एकदा त्याने उगाच लांबण लावली तेव्हा म्हणाली, “तुमचे शब्द... उसने द्या की.”

मग तो दिवस. दवाखान्याच्या लांबलचक बोळात सहा मिनिटं चालवून बघतात, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून, दम कितपत टिकतो ते. ती भिंतीच्या कडेने चालत होती, तो तिची पर्स घेऊन बरोबर, आणि डॉक्टरीणबाई घड्याळ बघत मागे. चौथ्या मिनिटाला ती बाकावर बसली. बाई वाकल्या, चिमट्यावरचा आकडा पाहिला, आणि वर बघताना त्यांची नजर त्याच्या शर्टाच्या कॉलरवर थांबली. त्यांनी दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि तळहातावर ठेवलं. पांढरं, नखाएवढं, पोटाखालचं मऊ पीस. “हे कुठलं?” तो म्हणाला, “असेल कुठलंतरी. हवेतून येतं.” बायकोच्या धापेने ते पीस तळहातावर हललं आणि उडून खाली गेलं. “घरी पक्षी आहेत?” बाईंनी या वेळी तिला विचारलं. ती निष्पापपणे म्हणाली, “घरात नाहीत. वर...” श्वास घेतला. “गच्चीवर आहेत. बावन्न.” आणि हसली, नवऱ्याचं कौतुक सांगावं तशी. बाईंनी फाइल उघडली. पानं मागे मागे उलटत गेल्या आणि पहिल्या पानाशी थांबल्या. त्याला इथून ती रेघ दिसत होती. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग फाइल मिटली. “भरताना चुकून झालं असेल,” त्या हळूच म्हणाल्या. “हो,” तो म्हणाला. बायकोला फाइलमधलं काही दिसलं नव्हतं. त्या क्षणी सांगितलं असतं तर सांगून झालं असतं. तो पर्सचा पट्टा गुंडाळत राहिला.

त्याच दिवशी केबिनमध्ये बसून बाईंनी सगळं समजावलं. पक्ष्याच्या पुडीला तिचं शरीर शत्रू समजतं, एकाला होतं, एकाला नाही होत, आणि वर जायची गरज नाही, कोटावरून खाली येतं तेवढं पुरतं. पाखरं आजच्या आज हलवा, कोट जाळा. “जे वण पडले ते पडले. ते काही भरून यायचे नाहीत. नवे पडू द्यायचे नाहीत, आपल्या हातात एवढंच.” त्याने विचारलं, “वर्षभर आधी कळलं असतं तर?” बाईंनी पेनचं टोपण लावलं. “ते आता नको,” त्या म्हणाल्या. घरी आल्यावर बायको रडली, आणि तिच्या रडण्याचं कारण ऐकून त्याला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. “सगळी नका देऊ,” ती म्हणत होती. “एक जोडी ठेवा... कपडे बदलून येत जा... तुम्ही काय कराल?” त्याने दुसऱ्या दिवशी बावन्नच्या बावन्न पाखरं पेट्यांत भरली आणि तीन तासांवरच्या एका कबुतरवाल्याच्या हवाली केली. मोठ्या पाखरांना दुसरं घर मानवत नाही, उघडी सोडली की ती परत येतात. म्हणून तो कबुतरवाला त्यांच्या पंखांची लांब पिसं कातरून ठेवणार होता. पुढच्या हंगामात नवी पिसं येईपर्यंत त्यांना तिथली सवय लागेल, असा त्याचा हिशोब. त्याने ढाबळ मोडली, तोंडाला फडकं बांधून गच्ची धुतली, कोट जाळला, घराला आतून रंग काढला. गच्चीवर ढाबळीच्या चार पायांचे चार चौकोन तेवढे राहिले, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दोन महिने बरे गेले. मग गोळ्या कमी केल्या आणि बरं होणं संपलं. चिमट्यावरचा आकडा एकेकाने उतरायला लागला. तिच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, तिला हवापालट म्हणून बारा दिवस आपल्याकडे नेलं, तर तिकडे ही बाई अंगणात चालायला लागली, एकदा म्हणे भाकऱ्याही थापल्या. ताईंनी फोनवर त्याला सुनावलं, “तुमच्या घराचंच काहीतरी आहे. माझ्याकडे बघा कशी खडखडीत झाली.” परत आली आणि चार दिवसांत पुन्हा पलंगाला टेकली. त्याने तिच्या पाठीशी उशी बडवून लावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरात अजून कुठेतरी आहे, शोधा. शोधा म्हणजे काय, त्याचा जन्म शोधण्यात गेला. त्याने कपाटं भिंतीपासून ओढली, पंख्याची पाती पुसली, पोटमाळ्यावरून वस्तादांची जुनी शिटी निघाली तीसुद्धा फेकली. बाल्कनीच्या जाळीची भोकं सुईने साफ केली. शेजाऱ्यांच्या खिडक्यांवर येणाऱ्या रानकबुतरांच्या भीतीने काचा बंद केल्या, घर भट्टी झालं. त्याने शेवटची नीट वेळ धरून पायरी पायरीने सगळा रस्ता तपासला आणि हात टेकले. ऑक्सिजनचं मशीन आणलं. ते पलंगाशी दिवसभर घरघरत राहायचं, आणि ती त्या आवाजात दर चार शब्दांनी थांबायची.

आज दुपारी तो स्वयंपाकघरात तिच्यासाठी खिमटी ढवळत होता तर बंद काचेबाहेर काहीतरी फडफडलं. काचेच्या पलीकडे कट्ट्यावर शिपाई बसला होता. शिपाई म्हणजे त्याचा जुना नर, छातीवर तांबडा पट्टा, मान ताठ. तीन तासांचा रस्ता कापून आला होता. त्याला पाहून याचं काळीज हरखलं, खोटं कशाला बोला. पहिला विचार आला तो दाणा कुठे आहे हाच, आणि पाठोपाठ भीती. काच उघडली नाही. शिपायाने पंख पसरून परत मिटला आणि त्याने काचेआडून कबुतरवाल्याच्या नजरेने पाहिलं. पंखाची दहाही पिसं नवी, एकसारखी, काठ न झिजलेले. कातरलेली झडून गेली होती, नवी आली होती, म्हणून उडता आलं. म्हणजे हंगाम होऊन गेला की. या वर्षी पिसं कोणी भरली असतील, तो कबुतरवाला पोतं कुठे टाकत असेल. गेल्या वर्षीची आपण खाडीकडेच्या कचऱ्यात टाकली. त्याच्या आदल्या वर्षीची...

पळी भांड्यात तशीच राहिली. आदल्या वर्षीची टाकलीच नव्हती. निवडली होती, उकळली होती, वाळवली होती. इतक्या निगुतीने की त्याच्या लेखी ती पाखरांची राहिलीच नव्हती, उशीची झाली होती. त्याने घरातले खिळेसुद्धा पुसले आणि रोज सकाळी, रोज, दोन्ही हातांनी ती उशी बडवून तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लावली. बाराच दिवस लावली नव्हती, कारण ताईंच्या बॅगेत ती मावली नाही. त्याने गॅस बंद केला. काचेवर टकटक केली, शिपाई हलला नाही, त्याने पुन्हा केली. तू जा रे बाबा, तो मनात म्हणाला. शिपाई मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहिला. जायचं कुठे ते त्याला माहीत असतं तर आला कशाला असता.

तो आत गेला. ती उशीला टेकून डोळे मिटून बसली होती, नाकाशी नळी. बाजूच्या खिडकीतून ऊन पलंगावर पडलं होतं. त्याने तिला खांद्याला धरून पुढे केलं आणि उशी काढून घेतली. काढताना ती दबली आणि शिवणीतून उन्हात एक बारीक पांढरी वाफ आल्यासारखी उठली, आणि तिला खोकला आला. तोच खोकला, बाल्कनीतल्या झटक्यांनंतरचा. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, “पाठ... टेकू द्या की.” तो उशी बाहेर घेऊन गेला, दोन पिशव्यांत घालून तोंड बांधलं, जिन्यात ठेवली. हात कोपरापर्यंत धुतले, शर्ट बदलला, दुसरा धुतलेला घातला. परत आला तर ती हातांवर रेलून तशीच बसलेली, टेकायला काही नाही म्हणून. घरात दुसरं काही नव्हतं. तो तिच्या मागे पलंगावर चढून बसला, भिंतीला पाठ लावून, आणि तिला आपल्या छातीवर टेकवून घेतलं. ती इतकी हलकी झाली होती की त्याला आधी वाटलं अजून टेकलीच नाहीये. तिच्या फासळ्या त्याच्या हाताखाली उघडत होत्या, मिटत होत्या, मध्ये अडकत होत्या. तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं. केसांतला भांग दिसत होता.

“उशीत पिसं होती,” तो म्हणाला. “आपली. मीच भरलेली. मी विसरलो.” इथेच तो थांबला असता तर चाललं असतं. उशीची चूक ही चूक होती, प्रेमाने केलेली, तिच्यावर पडदा पडला असता आणि दुसऱ्या गोष्टीवरही तोच पडदा ओढून घेता आला असता. पण ती त्याच्या अंगावर टेकली होती आणि त्याला ते सहन होत नव्हतं. त्याने सांगितलं. दवाखान्याचा पहिला दिवस, फॉर्म, ‘आवारात’ हा शब्द, वस्तादांचा खोकला, आपण काय विचार केला तो. “मी ‘नाही’ लिहिलं. माहीत असून लिहिलं. तू शेजारी बसली होतीस.” आणि चौदा महिने. आणि डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली ती का मिटली. सगळं तिच्या भांगाकडे बघत सांगितलं. सांगून झाल्यावर मशीनची घरघर तेवढी उरली. स्वयंपाकघराच्या काचेवर शिपायाचे पंख एकदा फडफडले.

त्याच्या हाताखाली तिने श्वास गोळा केला. “उशी टाकलीत ना?” ती म्हणाली. तिच्या आवाजावरून काही कळत नव्हतं.

“जिन्यात आहे. बांधून. संध्याकाळी नेऊन टाकतो.”

तिने मान हलवली. मग पुन्हा फासळ्या उघडल्या, या वेळी खोल, सात थांब्यांसाठी उघडायच्या तशा, आणि कुठेतरी मध्येच अडल्या. “आणि फॉर्मच्या दिवशी... तुम्ही...”

आवाज थांबला. दम संपला की तिनेच पुढचं ठेवून घेतलं, त्याला कळेना. वाकून तिच्या तोंडाकडे बघायचा त्याला धीर झाला नाही. मशीन घरघरत होतं. तो मान वर करून बसून राहिला, फलाटावरच्या माणसांसारखा, पुढचं नाव ऐकायला.